तुमच्या डॉक्टरला औषध कंपनीकडून काय मिळतं, हे तुम्हाला कळायलाच हवं

"डॉक्टर, राग नका येऊ देऊ, पण ही गोळी लिहिली की तुम्हाला काय भेटतं?"

शेंद्रा एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या स्टोअर्समध्ये काम करणाऱ्या माझ्या एका जुन्या पेशंटने मला हा प्रश्न विचारला. आठ वर्षांपासूनचा मधुमेह आहे, साखर बऱ्यापैकी आटोक्यात आहे. झालं असं की त्यांच्या साडूने त्यांना जनऔषधी केंद्रात नेलं. मी लिहून दिलेल्या गोळीतलंच औषध, तितक्याच मिलिग्रॅमचं, तिथे एक तृतीयांश किमतीला मिळालं. त्यांनी दोन्ही स्ट्रिपा माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या.

मला राग आला, हे कबूल करतो. बाहेर पंचवीस पेशंट बसलेले, पंचविसेक वर्षांची प्रॅक्टिस, आणि हा माणूस मला असं विचारतो! मी जरा तुसडेपणानेच म्हणालो, "मला काही मिळत नाही." ते शांतपणे म्हणाले, "मिळत नसंलही. पण आमच्याकडं दिवाळीला एखाद्या व्हेंडरनं काजूकतलीचा डबा दिला, तरी रजिस्टरला चढवावा लागतो. कुणी, कवा, किती रुपयाचा. तुमचं रजिस्टर कुठं असतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण असं रजिस्टर नाहीच. लोखंडाचे नटबोल्ट खरेदी करणाऱ्या माणसाला मिठाईच्या डब्याचा हिशेब द्यावा लागतो आणि तुमच्या पोटात काय जाणार हे ठरवणाऱ्या माणसाला द्यावा लागत नाही. हे चूक आहे असं माझं स्पष्ट मत आहे. माझे व्यवसायबंधू नाराज होतील, त्याला इलाज नाही.

आधी हा धंदा चालतो कसा ते समजून घ्या. साबण घेताना निवड तुमची आणि पैसेही तुमचे. औषधाच्या बाबतीत निवडतो मी आणि पैसे देता तुम्ही. त्यामुळे कंपनीला तुमची मनधरणी करायची गरजच नसते, माझी केली की काम भागतं. त्यात आपल्याकडे एकाच औषधाचे ढीगभर ब्रँड असतात. मधुमेहावरच्या सिटाग्लिप्टिन या औषधाचं पेटंट २०२२ मध्ये संपलं आणि कितीतरी कंपन्यांनी आपापल्या नावाने तेच औषध बाजारात आणलं. घटक तोच, डोस तोच. मग मी अमुक कंपनीचीच गोळी का लिहावी? औषधाच्या गुणात फरक दाखवता येत नसेल, तर दुसरं काहीतरी दाखवावं लागतं. ते दाखवायला रोज दुपारी एकच्या सुमारास बॅग घेऊन एमआर माझ्या दवाखान्यात येतात.

या मुलांवर माझा राग नाही. बी.एस्सी., बी.फार्म. झालेली पोरं, डोक्यावर महिन्याचं टार्गेट, भर उन्हात जालना रोडवर मोटरसायकल. टार्गेट चुकलं की वरिष्ठांचा फोन. बहुतेक पेशंटांना ठाऊक नसलेली एक गोष्ट सांगतो. हीच मुलं माझ्याकडून निघाल्यावर जवळच्या मेडिकलमध्ये जातात आणि गेल्या आठवड्यात या डॉक्टरने कोणत्या कंपनीच्या किती चिठ्ठ्या लिहिल्या याची चौकशी करतात. कंपन्यांच्या भाषेत त्याला प्रिस्क्रिप्शन ऑडिट म्हणतात. म्हणजे माझी चिठ्ठी कंपनीला दिसते. कंपनीने माझ्यावर केलेला खर्च मात्र तुम्हाला दिसत नाही. सगळी पारदर्शकता एकाच दिशेने!

आता माझंच सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी एका कंपनीने मला बायको-मुलांसह गोव्याला नेलं होतं. नाव सांगत नाही, कारण मुद्दा त्या कंपनीचा नाही, माझा आहे. तीन रात्री हॉटेल, जाण्या-येण्याचा खर्च, आणि एका सकाळी दीड तासाचं "शास्त्रीय सत्र". त्यात मी चहा प्यायलो आणि मागच्या रांगेत बसून पेपर वाचला. परत आल्यावर मी स्वतःला सांगितलं की याने काही फरक पडत नाही, पेशंटला योग्य तेच औषध मी देतो. चार-पाच महिन्यांनी त्याच कंपनीचा एमआर बदलीच्या आधी निरोप घ्यायला आला. सहज बोलता बोलता म्हणाला, "सर, तुमच्या एरियात आमच्या अँटिबायोटिकला तुमच्यामुळेच उठाव आला." ते अँटिबायोटिक महाग होतं. साध्या घसादुखीला, जिथे बहुतेक वेळा अँटिबायोटिक लागतच नाही, तिथेही मी ते लिहीत होतो. मला कोणी लिहायला सांगितलं नव्हतं, कमिशन ठरलं नव्हतं. हात आपोआप तिकडे वळत होता.

लाच घेणाऱ्याला आपण लाच घेतली हे माहीत असतं. भेट घेणाऱ्याला वाटतं, आपण तर स्वच्छ आहोत. अमेरिकेत २००१ साली निवासी डॉक्टरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कंपन्यांच्या भेटींचा आपल्या चिठ्ठीवर परिणाम होत नाही असं ६१ टक्क्यांनी सांगितलं. इतर डॉक्टरांवरही तसाच परिणाम होत नाही असं किती जणांना वाटत होतं? फक्त १६ टक्क्यांना. पुढे २०१६ मध्ये जामा इंटर्नल मेडिसिन या नियतकालिकात सुमारे २ लाख ८० हजार अमेरिकी डॉक्टरांच्या नोंदींचा अभ्यास आला. कंपनीने दिलेलं एखादंच जेवण, तेही सरासरी २० डॉलरच्या आतलं, घेतलेले डॉक्टर त्या कंपनीचं ब्रँडेड औषध जास्त प्रमाणात लिहीत होते. जेवणं वाढली तसं प्रमाणही वाढत गेलं. जेवणामुळेच चिठ्ठी बदलली हे यातून सिद्ध होत नाही, दोन्ही गोष्टी सोबत जातात एवढंच म्हणता येतं. पण निदान तिथे हा अभ्यास करता तरी आला. का करता आला, ते पुढे सांगतो.

"पण डॉक्टर, याला कायदा नाही का?" आहे की. कागदावर भरपूर आहे.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत डिसेंबर २००९ मध्ये एक कलम घालण्यात आलं. कंपन्यांकडून भेटवस्तू, प्रवास, पाहुणचार, रोख रक्कम घेणं डॉक्टरांना मना झालं. २०१६ मध्ये शिक्षांचा तक्ताच आला: हजार ते पाच हजारांच्या भेटीला समज, त्यापुढे तीन महिने, सहा महिने, वर्षभर नोंदवहीतून नाव कमी, आणि लाखाच्या वर गेलं तर एक वर्षापेक्षा जास्त. त्याच दुरुस्तीने डॉक्टरांच्या संघटनांना मात्र या कलमातून बाहेर काढलं! एकट्या डॉक्टरने घेतलं तर गुन्हा, संघटनेच्या परिषदेसाठी घेतलं तर ते कलम लागू नाही. मी स्वतः संघटनेचा सभासद आहे, अशा परिषदांना गेलोय, तिथलं जेवलोय. तेव्हा ही पळवाट मला बाहेरून दिसलेली नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवी नियमावली काढली. जेनेरिक नावाने औषध लिहिण्याची सक्ती आणि कंपन्यांनी प्रायोजित केलेल्या परिषदांना जाण्यावर बंदी, असं दोन्ही त्यात होतं. २ ऑगस्टला निघालेली ही नियमावली २३ ऑगस्टला स्थगित झाली. जेनेरिकच्या सक्तीवरून आरडाओरडा झाला. त्यात काही आक्षेप रास्त होते, कारण आपल्याकडे औषधांच्या दर्जाची तपासणी पुरेशी कडक नाही. पण त्या गदारोळात पैशांचा मुद्दाही अलगद बाजूला पडला. पुन्हा २००२ चीच संहिता.

हे झालं घेणाऱ्यांचं. देणाऱ्यांसाठी केंद्राच्या औषधनिर्माण विभागाने २०१५ मध्ये ऐच्छिक संहिता आणली आणि १२ मार्च २०२४ रोजी नवी जाहीर केली. भेटवस्तू नाहीत, डॉक्टरांना परदेशात नेऊन सीएमई नाही, पेन-डायरीसारखी वस्तू हजार रुपयांच्या आतली, एका औषधाचे एका डॉक्टरला वर्षाला जास्तीत जास्त बारा सॅम्पल पॅक. वाचायला छान आहे. पण तक्रार कोणाकडे करायची? कंपन्यांच्याच संघटनेने नेमलेल्या समितीकडे. आणि शिक्षा? कंपनीला समज देणं, संघटनेतून काढणं, खुलासा छापायला लावणं. वाळूवाल्याची तक्रार वाळूवाल्यांच्या संघटनेकडे करा, असं कोणी सांगितलं तर तुम्ही हसाल.

ही संहिता लागू झाल्यावरचं पहिलं मोठं प्रकरण डिसेंबर २०२४ मधलं. ॲबव्ही या कंपनीच्या भारतीय शाखेने ३० डॉक्टरांना मोनॅको आणि पॅरिसला नेल्याचं, त्यावर सुमारे १ कोटी ९१ लाख रुपये खर्च केल्याचं सरकारी समितीने नोंदवलं. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या घालवणाऱ्या उत्पादनांचा विषय होता. कंपनीला समज देण्यात आली. डॉक्टरांवरच्या कारवाईचं काम आयोगाकडे सोपवलं गेलं. आता तुम्ही सांगा, ते ३० जण कोण? तुमच्या बहिणीचा त्वचारोगतज्ज्ञ त्यात आहे का? तुम्हाला नाव टाकून शोधता येईल अशी जागाच नाही.

न्यायालयानेही डोळ्यांवर पट्टी बांधलेली नाही. झिंकोविट हे नाव तुम्हाला माहीत असेल, जस्त आणि जीवनसत्त्वांचं. ते विकणाऱ्या ॲपेक्स लॅबोरेटरीज या कंपनीने डॉक्टरांना दिलेल्या भेटींवरचा सुमारे पावणेपाच कोटींचा खर्च आयकरात धंद्याचा खर्च म्हणून दाखवला होता. त्यात सोन्याची नाणी होती, टीव्ही होते, फ्रीज होते, लॅपटॉप होते. २२ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती उदय लळित आणि न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या पीठाने, ही वजावट नाकारली. कंपनीचं म्हणणं होतं की बंदी डॉक्टरांवर आहे, आमच्यावर नाही. न्यायालयाने ते मानलं नाही. आणि एक गोष्ट स्वच्छ सांगितली: या फुकटच्या भेटी फुकट नसतात, त्यांची किंमत औषधाच्या दरात मिसळून पेशंटकडूनच वसूल होते. म्हणजे त्या फ्रीजचे पैसे तुम्ही दिलेत. देशात आरोग्यावर होणाऱ्या एकूण खर्चातला ३९.४ टक्के हिस्सा लोक स्वतःच्या खिशातून करतात, हा सरकारचाच २०२१-२२ चा आकडा आहे.

डोलो ६५० ची गोष्ट आठवत असेल. २०२२ च्या जुलैत कंपनीवर आयकर छापे पडले. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयात डॉक्टरांवर हजार कोटी उधळल्याचा आरोप झाला. कंपनीने तो साफ नाकारला. एका वर्षात एका गोळीवर एवढा खर्च शक्यच नाही, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा माझ्याकडे लोक तापाची गोळी बंद करून यायला लागले. ती गोळी म्हणजे साधं पॅरासिटामॉल, तापावरचं चांगलं आणि जुनं औषध. खर्चाच्या नोंदी सर्वांसमोर असत्या तर आरोप खरा की खोटा हे कोणालाही तपासता आलं असतं. नोंदी नव्हत्या, म्हणून फक्त संशय पसरला. तो कंपनीवरही पसरला आणि माझ्यावरही. आणि ते प्रकरण न्यायालयात नेलं कोणी होतं? एमआर लोकांच्या संघटनेने. ज्यांच्या हातून भेटी पोचतात तेच म्हणाले की हे थांबवा, कायदा करा. आम्ही डॉक्टर मात्र गप्प होतो.

आपल्याकडे हा विषय नवा नाही. पुण्यातले डॉ. अनंत फडके कित्येक वर्षं औषधांच्या योग्य वापराबद्दल लिहीत-बोलत आले आहेत. डॉ. अरुण गद्रे यांनी प्रामाणिक डॉक्टरांशी बोलून त्यांची कैफियत पुस्तकरूपाने मांडली. लोकांनी वाचलं, हळहळ व्यक्त केली. हळहळीने नोंदवही तयार होत नाही.

अमेरिकेने २०१० मध्ये कायदा केला. औषध आणि उपकरण कंपन्यांनी डॉक्टरांना दिलेला पैसा, जेवण, प्रवास, सल्ल्याची फी, सगळं सरकारला कळवायचं. ३० सप्टेंबर २०१४ पासून ही माहिती सर्वांसाठी खुली आहे. डॉक्टरचं नाव टाका, कोणी काय दिलं ते वाचा. वर सांगितलेला जेवणांचा अभ्यास याच नोंदींवर उभा आहे. फ्रान्समध्ये मेडिएटर या औषधामुळे हृदयाच्या झडपा बिघडल्याचं प्रकरण गाजलं, आणि २०११ मध्ये तिथेही असा कायदा झाला. अमेरिकेतले डॉक्टर त्यानंतर साधुसंत झाले असं मी म्हणत नाही. पैसा आजही वाहतो, पण वाहताना दिसतो.

मग आपल्याकडे अडचण काय? माहिती गोळा करणं अवघड आहे, असं सांगितलं जातं. हे मला मुळीच पटत नाही. १ जुलै २०२२ पासून आयकर कायद्यात कलम आलं की धंद्याच्या ओघात कोणाला वर्षाला वीस हजारांपेक्षा जास्त किमतीचा लाभ दिला, तर देणाऱ्याने १० टक्के कर कापून भरायचा. आयकर खात्याने त्याचा खुलासा करताना डॉक्टरांना मिळणाऱ्या मोफत सॅम्पलचं उदाहरण मुद्दाम दिलं. म्हणजे मोठ्या रकमांच्या नोंदी डॉक्टरच्या पॅन क्रमांकासह सरकारच्या संगणकात आहेत. कर कापायचा तर सरकारला माहिती हवी, आणि पेशंटला ती मिळायची तर मात्र ती "गोपनीय". दुसरीकडे महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे प्रत्येक डॉक्टरचा नोंदणी क्रमांक आहे. आता क्यूआर कोडही आलाय, स्कॅन केला की डॉक्टर खरा की बोगस ते कळतं. त्याच पानावर आणखी एक रकाना वाढवायचा: गेल्या वर्षात कोणत्या कंपनीकडून काय घेतलं. कंपनीने भरायचं, डॉक्टरने तपासायचं, न पटल्यास हरकत घ्यायची. आणि हे कायद्याने, संघटनेच्या मर्जीने नव्हे. संघटना आणि मोठी हॉस्पिटलं सुद्धा यात हवीत. नाहीतर पैसा तिथून फिरून येईल.

एक मित्र म्हणाला, "अरे, आधीच डॉक्टरांवर हल्ले होतात. त्यात तू हे काढतोस. पेशंटचा विश्वास उडेल." मला उलट दिसतं. विश्वास उडालेलाच आहे. करमाडच्या बाजारात उभं राहून विचारा, दहातले आठ जण म्हणतील की डॉक्टर कंपनीचे पैसे खातात. न खाणाऱ्यालाही त्यातून सुटका नाही, कारण त्याच्याकडे दाखवायला काही नाही. दुसरा म्हणाला, सगळं रोखीत सुरू होईल. काही प्रमाणात होईल, तेही खरं. पण मग ती भेट राहणार नाही, उघड लाच होईल, आणि माझ्यासारखे "आपण तर स्वच्छ आहोत" म्हणत घेणारे तरी थांबतील. तिसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: कंपन्यांनी हात आखडता घेतला तर डॉक्टरांचं शिक्षण कसं व्हायचं? घाटीसारख्या सरकारी महाविद्यालयात चांगलं व्याख्यान ठेवायला पंचतारांकित हॉटेल लागत नाही. फी आम्ही भरावी. आमची मुलं शिकवणीला जातात तेव्हा आम्ही फी भरतोच की.

यातून एक चुकीचा अर्थ काढू नका. डॉक्टरवर शंका आली म्हणून गोळ्या बंद करू नका. स्वस्त ब्रँड चालेल का, हे मोकळेपणाने विचारा. रक्तदाब, मधुमेहाच्या बऱ्याच औषधांना चालतो. फिट्सची, थायरॉइडची, रक्त पातळ करणारी काही औषधं असतील तर ब्रँड परस्पर बदलू नका, तिथे थोडा फरकही त्रास देऊ शकतो. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव स्पष्ट अक्षरांत मागा, तसं लिहावं असं आमच्या संहितेतच सांगितलेलं आहे.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर माझ्यापुरतं मी वेटिंग रूममध्ये, लहान मुलांच्या लसीकरणाच्या तक्त्याशेजारी, एक कागद लावलाय. गेल्या आर्थिक वर्षाचा. सहा कंपन्यांची सॅम्पलं, जी बहुतेक गरजूंना वाटली, काही घरात वापरली. पेनं, दोन डायऱ्या, एक टेबल कॅलेंडर. संभाजीनगरच्या हॉटेलात कंपनीच्या खर्चाने दोन जेवणं, सोबत व्याख्यान. पुण्याच्या एका परिषदेची नोंदणी फी, जी कंपनीने संघटनेमार्फत भरली, आणि जी पुढच्या वर्षी मी स्वतः भरणार आहे. शेवटची ओळ लिहायला मला दोन दिवस लागले: दवाखान्याला लागून असलेलं मेडिकल माझ्या मेहुण्याचं आहे आणि त्याचं भाडं माझ्या पत्नीच्या खात्यात येतं.

परवा ते स्टोअर्सवाले तपासणीला आले. चष्मा लावून त्यांनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला. आत आल्यावर म्हणाले, "मेडिकल मेहुण्याचं हाय, हे आधी नव्हतं माहीत." मी म्हणालो, "आता झालं." त्यांची तीन महिन्यांची साखर ६.९ आली आहे. गोळ्या ते जनऔषधीतूनच आणतात.